अर्ज टाइप करून द्या म्हणतात, पण पीडीएफमध्ये टाइपच होत नाही (लॉ प्रवेश, मुदत शुक्रवार)

हिरण्यकेशी

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी भाची यंदा बारावी झाली. पाच वर्षांच्या लॉची सीईटी दिली आहे. तिच्या आजीची जमिनीची केस मुंबईला हायकोर्टात होती. तारीख लागली की म्हातारी गडहिंग्लजहून रात्रीची एसटी धरायची, ते पोरीनं लहानपणापासून बघितलंय. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं, त्या दिवशी ती मला सीपीआर हॉस्पिटलसमोर घेऊन गेली आणि म्हणाली, "मावशी, मी इथंच उभी राहणार." त्यामुळं हा अर्ज आमच्या घरात किती महत्त्वाचा आहे ते कळेल.

कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑनलाइन अर्ज व्यवस्थित झाला. अडलंय ते एका कॉलेजच्या संस्था स्तरावरच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या, जागांच्या अर्जावर. कॉलेज कोल्हापूरबाहेरचं आहे, नाव लिहीत नाही. सहा पानांची पीडीएफ आहे. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात लिहिलंय, अर्ज टंकलिखित असावा, हाताने भरलेला अर्ज विचारात घेतला जाणार नाही. आणि पीडीएफमध्ये कुठंही क्लिक केलं तरी कर्सर येत नाही. झेरॉक्सची झेरॉक्स काढून स्कॅन केल्यासारखी दिसते. तिसरं पान उजवीकडं कललंय, कडेला पंचिंगची दोन काळी भोकंसुद्धा आलीत. नाव इंग्रजीत एकेका चौकटीत एकेक अक्षर, आणि त्याखाली तेच देवनागरीत.

काल राजारामपुरीतल्या एका दुकानात नेलं. त्यानं 'पीडीएफ टू वर्ड' करून दिलं. गुणांचा तक्ता फुटला, प्रतिज्ञापत्रातल्या 'अर्जदाराने'चं 'अजदाराने' झालं, कॉलेजचं बोधचिन्ह भलतीकडंच गेलं. कॉलेजला फोन केला तर म्हणाले, नमुना तोच पाहिजे, एक शब्द इकडचा तिकडं झालेला चालणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत मेल पोचला पाहिजे आणि मागाहून मूळ प्रत टपालानं. आज सोमवार.

असले फॉर्म कुणी भरलेत का?

कौलारू

ताई, सुंदर अक्षरात हातानं भरा आणि पाठवून द्या. एवढं कोण बघतंय?

हिरण्यकेशी

@कौलारू, भाऊ, फोनवर तेही विचारलं. स्पष्ट नाही म्हणाले. एका ओळीसाठी पोरीचं वर्ष पणाला लावायचं धाडस माझ्याकडून होणार नाही.

पंचगंगाकाठी

ताई, आधी फॉर्म कुठल्या जातीचा आहे ते बघा. तीन प्रकार असतात आणि लोक तिन्हींना 'एडिट होत नाही' असंच म्हणतात.

पहिला: फॉर्ममध्ये टाइप करायच्या जागा असतात, पण ब्राउझरमध्ये उघडल्यावर नुसतं 'प्लीज वेट' असं काहीतरी दिसतं किंवा जागा दिसतच नाहीत. तो फाइल उतरवून घेऊन संगणकावरच्या ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडला की बऱ्याचदा चालतो. जागा फिकट निळ्या दिसतात.

दुसरा: मजकूर खरा असतो, माउसनं शब्द निवडता येतो, फक्त जागा केलेल्या नसतात.

तिसरा: अख्खं पान म्हणजे एक फोटो. शब्द निवडायला गेलं की काहीच होत नाही. तुमचा हा तिसरा दिसतोय. दुकानदाराचं सॉफ्टवेअर त्या फोटोवरची अक्षरं ओळखायला गेलं आणि रफार खाल्ला.

तिसऱ्या प्रकारात मूळ पानाला हात लावायचाच नाही. ते पान जसंच्या तसं खाली ठेवायचं आणि आपला मजकूर वरून ठेवायचा. ॲक्रोबॅट रीडरमध्ये 'फिल अँड साइन' फुकट आहे. फायरफॉक्समध्येही २०२२ च्या ऑक्टोबरपासून पीडीएफवर मजकूर लिहायची सोय आहे. इंग्रजी भागाला हे पुरतं.

हिरण्यकेशी

तिसराच प्रकार आहे. 'फिल अँड साइन' करून बघितलं. इंग्रजी पान दहा मिनिटांत झालं, चौकटीत एकेक अक्षर बसवायची सोयही त्यात सापडली. तुमचे आभार कसे मानू.

पण देवनागरी! तालुक्याच्या रकान्यात 'गडहिंग्लज' लिहिलं तर ह ची वेलांटी पुढं गेली, ग चा पाय मोडलेला दिसतो आणि ल वेगळा. 'कोल्हापूर'मध्ये ल ला हलंत येतोय. भाचीचं नाव तर वाचवत नाही. दहावीच्या मार्कशीटवर नाव जसं आहे तसंच अर्जावर पाहिजे, मग हे कसं चालेल?

तांबडापांढरा

ह्याच्यापायी मी मागच्या साली लई तरास काढलाय. बऱ्याच दुकानात अजून जुन्या फॉन्टात टायपिंग चालतंय, श्रीलिपी नाहीतर कृतिदेव. त्यांच्या स्क्रीनवर ब्येस दिसतंय, आपल्याकडं उघडलं की इंग्रजी अक्षरांचा काला. फाइल घ्यायच्या आधी आपल्या मोबाइलवर उघडून बघा, मग पैसे द्या.

पंचगंगाकाठी

@हिरण्यकेशी, मराठीसाठी लिब्रे ऑफिसचं 'ड्रॉ' वापरा. फुकट आहे. जोडाक्षरं आणि वेलांट्या त्यात बरोबर बसतात. मी भुदरगडच्या पाहुण्यांचे फार्मसीचे कागद असेच केले. कसं ते सांगतो.

पीडीएफ 'ड्रॉ'मध्ये उघडा. प्रत्येक पान एक चित्र म्हणून येईल. पहिलं काम म्हणजे त्या चित्रावर उजवं क्लिक, 'पोझिशन अँड साइझ', आणि तिथं 'प्रोटेक्ट'खाली पोझिशन आणि साइझ दोन्हीवर टिक. हे विसरलात तर मजकूर हलवायला जाल आणि अख्खं पान सरकेल, आणि सरकलेलं लक्षातही येत नाही.

तिसरं पान कललंय ना? हे 'प्रोटेक्ट'चं कुलूप घालायच्या आधी तिथंच 'रोटेशन'मध्ये अंशाच्या हिशोबात सरळ करून घ्या. एक-दीड अंशाच्या वर सहसा नसतं. हा नमुना बदलणं नव्हे, कागद टेबलावर सरळ ठेवण्यासारखंच आहे ते.

मग एफ-२ दाबा, मजकुराची चौकट येते. फॉन्ट निर्मला यूआय नाहीतर मंगल. प्रत्येक रकान्याची चौकट वेगळी ठेवा. सगळा मजकूर एकाच लांब चौकटीत घालून एंटर मारत खाली गेलात तर चौथ्या ओळीपासून ओळी चुकायला लागतात. आल्ट धरून बाण दाबला की मजकूर केसाएवढा सरकतो, ठिपक्यांच्या रेषेवर बसवायला तेच बरं.

शेवटी 'एक्सपोर्ट ॲज पीडीएफ'. फॉन्ट फाइलच्या आतच जातो, त्यामुळं कॉलेजच्या संगणकावर मराठी फॉन्ट नसला तरी 'गडहिंग्लज' गडहिंग्लजच राहील.

निवृत्त टंकलेखक

मी अडतीस वर्षं टायपिंग केलं, त्यातली बरीच कोर्टाच्या आवारात. छापील फॉर्म यंत्रात भरणं हे आमचं रोजचं काम. पंचगंगाकाठी यांनी सांगितलं ते सगळं बरोबर आहे, मी दोन गोष्टी जोडतो.

आम्ही मूळ फॉर्मला आधी हात लावत नसू. त्याची एक प्रत काढून पेन्सिलीनं भरायची, पक्षकाराकडून वाचून घ्यायची, प्रत्येक रकान्यात अक्षरं मोजायची. साध्या इंग्रजी यंत्रावर इंचाला दहा अक्षरं बसतात, बारीक टाइपाच्या यंत्रावर बारा. रकाना तीन इंचाचा आणि नाव चौतीस अक्षरांचं असेल तर साध्या यंत्रावर ते बसणार नाही हे यंत्राला कागद लावायच्या आधीच कळायचं. छापील ओळी यंत्राच्या ओळींशी कधीच जुळत नाहीत. रोलर मोकळा करून हातानं कागद फिरवायचा, ठिपक्यांची रेषा पट्टीच्या किंचित खाली दिसली की थांबायचं, मग अक्षर मारायचं. अक्षर रेषेला टेकलं की वाचायला त्रास होतो, फार वर गेलं तर वरच्या ओळीचं वाटतं. तुम्ही संगणकावर कराल तेव्हाही अक्षराचा पाय रेषेच्या एक मिलिमीटर वर ठेवा.

दुसरी गोष्ट चौकटींची. कुरियर न्यू फॉन्ट, आकार बारा, म्हणजे आमच्या यंत्रासारखीच इंचाला दहा अक्षरं. प्रत्येक अक्षर ७.२ पॉइंटचं. चौकट पट्टीनं मोजा. समजा ५ मिलिमीटरची आहे, म्हणजे साधारण १४.२ पॉइंट. मग अक्षरांमधलं अंतर ७ पॉइंटनं वाढवायचं, की प्रत्येक अक्षर आपापल्या चौकटीत पडतं. 'ड्रॉ'मध्ये अक्षरांच्या 'पोझिशन'मध्ये ही सोय आहे, आमच्या नातवानं दाखवली.

देवनागरीला हा हिशोब लागू होत नाही, कारण अक्षरांची रुंदी सारखी नसते. तिथं एक अक्षर त्याच्या काना-मात्रा-वेलांटीसह एका चौकटीत. जोडाक्षरही एकाच चौकटीत, 'ल्हा' तोडू नका. प्रत्येकाला वेगळी मजकुराची चौकट करा. वेळ लागतो, पण एकदाच करायचंय.

हिरण्यकेशी

काका, तुमचं लिहिलेलं भाचीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती पट्टी घेऊन लगेच स्क्रीनवरच मोजायला लागली! मग प्रिंट काढून मोजलं. चौकट बरोबर ५ मिलिमीटरची निघाली.

निवृत्त टंकलेखक

बरं झालं सांगितलंत. स्क्रीनवर कधी मोजू नका, लहानमोठं केलेलं असतं. आणि प्रिंट काढताना 'ॲक्च्युअल साइझ' निवडा. 'फिट टू पेज' राहिलं तर पान बारीक होतं आणि मापं चुकतात.

निपाणीहून

मध्येच विचारतोय, माफ करा. मुलाचं इंजिनिअरिंगचं आहे. आम्ही निपाणीचे, मराठीभाषक. माहिती पुस्तिकेच्या शेवटी सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी दाखल्याचे नमुने आहेत, तेही असेच मुके पीडीएफ. जिल्ह्याच्या जागी काय लिहायचं? एकानं सांगितलं की कोल्हापूर लिहा, मावशी तिथंच राहते.

पंचगंगाकाठी

दादा, तसं अजिबात करू नका. सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी 'ई' हा वेगळा उमेदवारीचा प्रकारच ठेवला आहे. तुमचा हक्क निपाणीचे म्हणूनच आहे. बेळगाव जिल्हा लिहा. पुस्तिकेचं तेवढंच पान वेगळं काढा, नाव-गाव टाइप करा, पण दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याची सही, शिक्का, जावक क्रमांक आणि तारीख ह्या जागा कोऱ्या सोडा. त्या तिथंच हातानं भरल्या जातात. आपण आधीच तारीख टाइप केली की अडचण होते.

निपाणीहून

मोठं काम झालं. उद्याच जातो.

रंकाळ्याची हवा

माझ्या बहिणीचा प्रश्न पण असाच आहे. मराठी नावात आईचं नाव घालायचं का? आता सक्तीचं झालंय म्हणतात.

पंचगंगाकाठी

तो नियम १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी आहे. आत्ताच्या मुलांनी दहावीच्या मार्कशीटवर जसं नाव आहे तसंच लिहायचं.

लाल पेन

एका कॉलेजात मी प्रवेशाचे अर्ज तपासायच्या टेबलावर असते. पलीकडच्या बाजूनं काय दिसतं ते सांगते.

आमच्याकडं येणाऱ्या भरलेल्या पीडीएफमध्ये काही अगदी कोऱ्या असतात. मूल रडवेलं होऊन सांगतं, मॅडम मी भरला होता. आणि त्यानं खरंच भरलेला असतो. मोबाइलवरच्या एखाद्या ॲपमध्ये मजकूर टिपणीसारखा वर चिकटलेला असतो, आमच्या संगणकावर किंवा प्रिंटमध्ये तो उतरतच नाही. ॲक्रोबॅटमध्ये प्रिंट देताना 'डॉक्युमेंट अँड मार्कअप्स' असा पर्याय असतो, तिथं नुसतं 'डॉक्युमेंट' असेल तर टिपणीसारखा लिहिलेला मजकूर गाळला जातो. म्हणून भरून झालं की ती फाइल 'प्रिंट टू पीडीएफ' करून पुन्हा एकदा जतन करा. मग मजकूर आणि पान एकजीव होतं. ही फाइल पाठवायची. भरायची फाइल आपल्याकडं वेगळी ठेवायची, चूक निघाली तर तिच्यात दुरुस्ती करता येते. पाठवायच्या आधी दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर उघडून बघा.

सही टाइप करू नका. काळ्या पेनानं सही करून ते पान स्कॅन करा. फोटोवर सही मागितली असेल तर अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर. आणि व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेलं पान पुन्हा पीडीएफ करून जोडू नका, अक्षरं धुरकट होतात. पाठवायचंच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. इंटरनेटवरच्या कुठल्याही 'फुकट पीडीएफ एडिट करा'वाल्या साइटवर आधार, जातीचा दाखला, आईवडिलांचं उत्पन्न असलेले कागद चढवू नका. दुकानात केलंत तर पेनड्राइव्ह काढायच्या आधी त्यांच्या संगणकावरची फाइल तुमच्यासमोर डिलीट करायला लावा, रिसायकल बिनमधूनसुद्धा. दुकानदाराला वाईट वाटत नाही, सांगितलं की करतात.

कौलारू

मॅडम, कॅपचा ऑनलाइन अर्ज कन्फर्म केल्यावर लॉक होतो, तो पण 'एडिट होत नाही'च की. पोराच्या नॉन क्रीमी लेअर दाखल्याची तारीख चुकलीय. काय करायचं?

लाल पेन

तुमच्या लॉगिनमधून होत नसेल तर सुविधा केंद्राला ती चूक दाखवा. छाननीत त्रुटी निघाली की अर्ज तुमच्याकडं दुरुस्तीला परत पाठवता येतो. तात्पुरत्या गुणवत्ता यादीनंतर हरकत नोंदवायचे दिवस असतात, अंतिम यादी लागायच्या आत हे झालं पाहिजे. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, कुठल्या वर्षाचा ३१ मार्च लिहिलाय ते आधी बघा, बहुतेकांची चूक तिथंच असते. पण पसंतीक्रमाचा अर्ज एकदा कन्फर्म केला की तो त्या फेरीपुरता संपला. तो घरी कागदावर लिहून, रात्र जाऊ देऊन, दुसऱ्या दिवशी भरा.

हिरण्यकेशी

बुधवार रात्र. सहाही पानं झाली. पाचवं पान लीगल आकाराचं निघालं, बाकी सगळी ए-फोर. हे प्रिंट काढतानाच कळलं, कारण खालची प्रतिज्ञापत्राची दोन वाक्यं कापली गेली. ए-फोर २९७ मिलिमीटर उंच आणि लीगल ३५६, म्हणजे जवळजवळ सहा सेंटिमीटर फरक. शाहूपुरीत लीगल कागद लगेच मिळाला.

एक चूक आमची झाली तीही सांगते. टंकलेखक काकांनी सांगितल्याप्रमाणे पेन्सिलीची प्रत केली होती. ती आईनं, म्हणजे भाचीच्या आजीनं, खिडकीच्या काचेला लावली आणि तिच्यावर आमचं टाइप केलेलं पान धरलं. उजेडात दोन्हीकडची अक्षरं एकावर एक दिसायला लागली. जन्मतारखेच्या चौकटीत पेन्सिलीत ०७ होतं आणि आमच्या टाइपात ०१. तीन दिवस आम्ही दोघी ते पान बघतोय, आमच्या नजरेतून सुटलं. आईला इंग्रजी वाचता येत नाही, पण हे दोन आकडे एकमेकांवर बसत नाहीत एवढं तिला दिसलं.

निवृत्त टंकलेखक

आजींना माझा नमस्कार सांगा. आम्ही ताडून बघायचो ते असंच, खिडकीशी उभं राहून.

हिरण्यकेशी

गुरुवारी सकाळी साडेअकराला मेल गेला. दुपारी कॉलेजकडून पोच आली, अर्ज क्रमांकासह. मूळ प्रत घेऊन मुख्य पोस्टात गेलो. फॉर्मवर 'रजिस्टर्ड पोस्टाने' असं छापलंय, पण २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच मिसळलंय, खिडकीवरच्या ताईंनी तसं सांगून स्पीड पोस्टाची पावती दिली. कॉलेजला फोन करून ते चालेल ना हे विचारून घेतलं. चालेल म्हणाले.

सही करताना भाचीचा हात थरथरत होता. दोनदा कोऱ्या कागदावर सराव केला, मग अर्जावर केली.

सगळ्यांचे मनापासून आभार. लाल पेन मॅडम, तुमच्यामुळं फाइल माझ्या शेजाऱ्यांच्या फोनवर उघडून बघितली आणि मगच पाठवली.

आजऱ्याचा घनसाळ

ताई, मला वाटतं माझ्या पुतण्याकडं हाच फॉर्म आहे. सहा पानं, पंचिंगची दोन भोकं, तिसरं पान तिरकं. मुदत उद्याच आहे आणि मला हा धागा आत्ता दिसला. तिसऱ्या पानाला किती फिरवलंत?

हिरण्यकेशी

१.४ अंश, डावीकडं. आधी फिरवा, मग कुलूप घाला. पाचव्या पानाला लीगल कागद आजच आणून ठेवा. कोऱ्या चौकटी बसवलेली 'ड्रॉ'ची फाइल आमच्याकडं आहे, भाचीची माहिती काढून टाकून देते. तुमचा मेल खासगी निरोपात पाठवा, मी जागीच आहे.